बाईंना म्हटलेला 'ऑक'

रोकमूरेल,
द्राक्षतोड संपल्यानंतरचा सोमवार

प्रिय युलालीताई,

धाकट्या फुल्क्रांचा नमस्कार. पॅरिसची थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवते ना? इकडे मी, खेचर आणि छप्पर, तिघेही ठीक आहोत (छप्पर जरा कमी). तुझ्या लग्नात मी चर्चमध्ये जो गोंधळ घातला होता, तो एव्हाना विसरली असशील अशी आशा आहे.

कळवायचं म्हणजे, परवा शनिवारी माझं लग्न झालं. म्हणजे झालं नाही. नवरी तयार आहे, पण नवऱ्याचा होकार सरकारी वहीत नाही. सविस्तर सांगतो.

नवरी म्हणजे आपल्या शाळेच्या ॲपोलोनीबाई. (दचकू नकोस. मी बासष्टचा, त्या साठच्या, दोघंही एकटे.) पेन्शन सुरू झाली तरी सगळं गाव त्यांना अहोजाहो करतं, मीही. वसंतात मी मागणी घातली, तर म्हणाल्या, "एका अटीवर. मला 'ऑक' म्हणायचं." पॅरिसमध्ये राहून तू विसरली असशील, म्हणून सांगतो: आपल्याकडे होकार दोन. मान द्यायच्या माणसाला 'वी', आणि ज्याला तू म्हणायचं त्याला 'ऑक'. त्या 'ऑक'वरूनच आपला मुलूख लांग्दॉक, म्हणजे ऑकची भाषा. अख्ख्या मुलखाचं नावच 'हो गं, हो रे', आणि मला ते एकदा म्हणता येईना! बाई म्हणाल्या, "तीस वर्षं गावानं मला फळ्याजवळ उभं ठेवलंय. आता कुणीतरी शेजारी बसवावं." फार वाईट वाटलं गं.

मग सहा महिने खेचरावर सराव केला. खेचर आता 'ऑक' ऐकलं की जागच्या जागी थांबतं, त्यामुळे नांगरट रखडली. पण बाई समोर आल्या, "सूप आणखी वाढू का?" म्हणाल्या, की तोंडातून आपलं "वी, बाई." त्या डाव खाली ठेवून आत निघून जायच्या. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी कचेरीत 'ऑक' निघाला नाही, तर मी बहिणीकडे नार्बोनला जाते. कायमची."

शनिवारी लग्न लावायला मेयर लफेव्रसाहेब समोर होते. माणूस उत्तरेकडचा (निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहिलं नाही). लांग्दॉक हे वाईनच्या बाटलीवर छापायचं नाव, एवढीच त्यांची समजूत. त्यांनी विचारलं, हिचा पत्नी म्हणून स्वीकार करता का? मी बाईंकडे बघितलं आणि "ऑक!" साहेब म्हणाले, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, "ऑक!" पाणी आलं. तिसऱ्यांदा विचारलं, पुन्हा "ऑक!" तेव्हा कारकुनानं त्यांच्या कानात सांगितलं, की साहेब, हा होकारच आहे, पण अरेतुरेतला. साहेब तांबडेलाल झाले. "मला अरेतुरे?" वही मिटली आणि पुढच्या शनिवारची तारीख मिळाली. पण बाईंनी डोळे पुसत माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "म्हणालास रे एकदाचा!"

तर येत्या शनिवारी नक्की ये. पत्राचं शुद्धलेखन नेहमीप्रमाणे बाईंनी तपासलंय.

तुझा,
फुल्क्रां

ता. क. हे तपासून झाल्यावर लिहितोय. ताई, ती उचकी होती. घाबरून रिकाम्या पोटी बडीशेपेची दारू घेतली, आणि तुझ्या लग्नात लागली होती तश्शीच लागली. मी तोंड उघडलं होतं ते 'वी' म्हणायलाच. माझी उचकी ओळखणारी आता तू एकटीच उरलीस. शनिवारी कुणी विषय काढला तर गप्प बस. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. युलालीताई, मी ॲपोलोनी. पाकीट चिकटवायला यानं माझ्याकडेच दिलं. वर 'उचकी' दोनदा चुकली होती, दुरुस्त केली. तीस वर्षं पोरांच्या उचक्या ऐकल्यात, मला पहिल्याच वेळी कळलं होतं. कचेरीत चारचौघांत त्याची लाज राखली, पण घरी येऊन नार्बोनसाठी पेटीसुद्धा भरली होती. मग काल जेवताना विचारलं, "ताईला बोलवायचंच ना?" तर हा ताटातून मान वर न करता म्हणाला, "ऑक." उचकी नव्हती. आपण खरंच 'ऑक' म्हणालो, याचा त्याला अजून पत्ता नाही. तुम्हीही सांगू नका, नाहीतर पुन्हा 'वी' सुरू होईल.