स्मारकावरचं भाषण

वाखनिंगन, ६ मे

प्रिय सुदर्शन,

तुझा व्हिडिओ पाहिला. पांढरा कुर्ता शोभतो हो तुला, खोटं कशाला बोलू? जुईनेही पाहिला. त्यावर मग येते. आधी शेजारच्या डच आनेलीसआजींचं सांगते, परवापासून डोक्यात दुसरं काही नाही.

त्यांचे वडील तुझ्यासारखेच नौदलात कमांडर. जर्मनांनी हा देश घेतला तेव्हा ते सरकारबरोबर लंडनला गेले आणि तिथे मंत्री झाले. बायको आणि दोन मुलं इथेच राहिली. युद्धभर ते रेडिओवरून देशाला धीर द्यायचे. ऐकायला बंदी होती, तरी आजी आणि त्यांचा धाकटा भाऊ पिम कपाटात डोकं घालून ऐकायचे, एकदा तरी आपलं नाव येईल म्हणून. अरे, कसं येणार? नाव घेतलं असतं तर शिपाई दारात आले असते. पण पोरांना हे कुठून कळावं! शेवटच्या हिवाळ्यात अन्नच संपलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मी दिवसभर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत असते, तरी हे मला ठाऊक नव्हतं. पिम त्याच हिवाळ्यात गेला.

परवा चार मे, युद्धात गेलेल्यांचा दिवस. संध्याकाळी सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. आजींच्या जुन्या गावी वडिलांचं स्मारक आहे, तिथे पुष्पचक्र वाहायचा मान त्यांचा. गुडघे साथ देत नाहीत म्हणून यंदा मला नेलं. स्मारकावर त्यांच्या भाषणातलं वाक्य कोरलंय, आपण एकत्र उपाशी राहिलो, आता एकत्र उभे राहू. परतीच्या ट्रेनमध्ये आजींनी सांगितलं ते भाषण कुठलं. युद्ध संपल्यावर कमांडरसाहेब घरी आले. बाहेर गर्दी, फुलं, गाणी. त्यांनी खिशातून दोन चॉकलेटं काढली आणि विचारलं, पिम कुठाय? साऱ्या देशाची खबर ठेवणाऱ्या माणसाला ही एक खबर पोचलीच नव्हती. आईने सांगितलं. ते खुर्चीत बसले. बाहेरून लोक हाका मारत होते. थोड्या वेळाने उठले, तोंड धुतलं आणि खिडकीत जाऊन बोलले. फार छान बोलले म्हणे. मग पुन्हा मंत्रिपद, बैठका, दौरे. घरात पिमचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. वाईट नव्हते, आजी म्हणाल्या, पण दुखलं की लोकांकडेच जायचे. पुष्पचक्र मी त्यांच्या नावाने वाहते, म्हणाल्या, ती दोन मिनिटं मात्र पिमची.

आता तुझं. तू समुद्रावर असताना मी कधी ब्र काढला नाही. निवृत्त झालो की वाखनिंगनला येतो, हे तूच म्हणाला होतास. जुईने तुझ्यासाठी सायकलही पसंत करून ठेवली. निवृत्त झालास आणि निवडणुकीला उभा राहिलास, तेही आम्हाला व्हिडिओतून कळलं. त्यात तू म्हणतोस, पत्नी आणि मुलगी माझ्या पाठीशी खंबीर उभ्या आहेत. काय टाळ्या पडल्या! जुईने मला इंग्रजीत विचारलं, बाबाने आपल्याला कधी विचारलं? तुझ्या माणसांचा निरोप आलाय, पुढच्या सभेला आम्ही दोघी मंचावर हव्यात. आम्ही येणार नाही. तू निवडून ये, मनापासून म्हणते, काम चांगलंच करशील. पण यापुढे भाषणात आमचं नाव घेऊ नकोस, एवढं मागायलाच हे पत्र. आणि जुईला अजून वाटतं की तू येणार आहेस. येणार नाहीस, हे तिला मी सांगणार नाही. तू फोन कर, आणि ती उचलेपर्यंत थांब.

तुझीच, अजूनही,
शुभदा