न बोलावलेल्या खिडक्या

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! वन्सं कॉम्प्युटरवर बसल्या आणि पोपट केकाटला — "अभिनंदन! आपली निवड झाली आहे!" कसली निवड अन् कसलं काय.

पोपट म्हणजे त्यांचा स्क्रीन रीडर. पडद्यावर येईल ते मोठ्यानं वाचतो. नणंदबाईंचे डोळे गेले आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून पोपटही घरातलाच. आपल्याला जाहिरात आली तर आपण नजर फिरवतो. त्यांनी काय फिरवायचं — कान? आधी सगळी जाहिरात ऐकायची, मग फुली चाचपत बसायचं. फुली मिळाली की मागे दुसरी खिडकी हजर.

हे आतून ओरडले, "ते भूत बंद करा!" वन्संनी हेडफोन लावला. आता भूत एकट्या त्यांच्या कानात.

४ मार्च, मंगळवार

सकाळभर शिलाईच्या दुकानात पँट आखूड करत होते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. ही वही माझ्या दुकानाच्या पिशवीतच बरी.

वन्संना काम मिळण्यासारखं आहे. डॉक्टर बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, घरबसल्या. त्या पूर्वी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होत्या, त्यामुळे आजारांची नावं तोंडपाठ. पण आधी चाचणी द्यायची, वीस तारखेला. मधेच पोपट "अभिनंदन" म्हणाला की डॉक्टरांची दोन वाक्यं गेलीच.

"तेवढं बंद करून दे," म्हणाल्या. विनंती नाही, हुकूमच! मला राग आला. खरं तर त्या आल्यापासून येतोय. माझ्या शिवणाच्या मशीनच्या जागी त्यांचा पलंग आला आणि मशीन गॅलरीत गेलं.

६ मार्च, गुरुवार

आमचाच पोपट झाला!! "सर्व जाहिराती एका क्लिकमध्ये बंद" असं दिसलं, मी केलं क्लिक. ती पण जाहिरातच! आता पूर्वीपेक्षा जास्त येतात. एक तर म्हणते कॉम्प्युटरला विषाणू झालाय, ताबडतोब फोन करा. वन्सं फोन करायला निघाल्याच होत्या.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास," म्हणाल्या. आणि हसल्या. मीही हसले. आम्ही दोघी एकदम हसल्याचं मला तरी आठवत नाही.

८ मार्च, शनिवार

आजचं वेगळंच. खिडक्या येताहेत त्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांच्या. "स्टेशनजवळ खोली." "महिलांसाठी, हवेशीर, तात्काळ ताबा." मी म्हटलं, वन्सं, हे हो काय? त्या म्हणाल्या, असंच बघत होते.

म्हणजे जायचं आहे त्यांना! माझ्या मनात पहिलं आलं ते मशीन. मग लाज वाटली.

संध्याकाळी हे कॉम्प्युटरवर बसले. बसतात न बसतात तोच खिडकी उघडली. मागून आणखी एक.

"खोली कोण शोधतंय?"

वन्सं लगेच म्हणाल्या, "माझ्या बोटांनी उघडलं असेल काहीतरी. आंधळीला काय कळतंय!"

हे माझ्याकडे बघत राहिले.

९ मार्च, रविवार

दुकान बंद, पण मालकीणबाईंकडे किल्ली मागून आले. ब्लाउजचं अर्जंट आहे म्हटलं. अर्जंट काही नाही.

उजवं मनगट दुखतंय. दाराला आपटलं.

१० मार्च, सोमवार

वन्संच्या हातात चहाचा कप देताना त्यांची बोटं माझ्या मनगटावर गेली. सूज लागली असणार त्यांना.

"काय झालं?"

"दार लागलं."

कप तसाच हातात धरून बसल्या. चहा गार झाला. मग म्हणाल्या, "त्या जाहिराती आधी काढ. सगळ्या. मुळासकट. आणि मी काय काय बघितलं तेही पुसता येत असेल तर पूस."

या वेळी हुकमाचा राग आला नाही.

११ मार्च, मंगळवार

मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी कापडावर मारायच्या खडूनं टेबलावरच खुणा करून समजावलं. "कुठल्या तरी साइटला 'परवानगी द्या' म्हणून बसला असाल. एका पाहुण्याला घरात घेतलं की तो गोतावळा घेऊन येतो. पाहुणा शोधा, बाहेर काढा, मग दार लावा."

हे परवापर्यंत कामासाठी बाहेरगावी. त्यामुळे संध्याकाळी दोघी निवांत बसलो. सेटिंग उघडलं. सूचना पाठवायची परवानगी असलेल्या साइटींची यादी निघाली एवढी मोठी! एकेकीला काढलं. मी त्या दिवशी उत्साहानं घेतलेला तो "एका क्लिक"वाला होता, तोही काढला. पॉप-अप बंद केले. मालकीणबाईंनी सांगितलेला चांगला ब्लॉकर घातला, जाहिरातीतून नाही, ब्राउझरच्याच दुकानातून. शेवटी मागचं सगळं पुसलं.

मधेच वन्सं म्हणाल्या, "डोळे मिटून बस जरा. मला कसं कळतं ते बघ." मी मिटले, हेडफोन लावला. बापरे! पोपट किती भरभर बोलतो! "लिंक, बटण, लिंक, बटण —" मला धड एक शब्द कळेना. या बाई यातून काम शोधतात, खोल्या शोधतात.

डोळे मिटल्यावर घर वेगळं ऐकू येतं. फ्रीज. वरच्यांचा नळ. जिन्यात कुणाची तरी चप्पल — आणि माझी पाठ ताठ झाली. हे नव्हते. शेजारचे होते.

वन्सं म्हणाल्या, "बघ, तुलाही पावलं ओळखू येतात."

१४ मार्च, शुक्रवार

एकही खिडकी नाही. काल हे येऊन कॉम्प्युटरवर बसले, बराच वेळ. काही उघडलं नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचं लिहून ठेवते.

दुकानात फोन आला. वन्सं. आवाज अगदी नेहमीसारखा, म्हणून जास्त घाबरले. "'चाचणी सुरू करा' असं बटण आहे, ते दाबते, काहीच होत नाही. वेळ चालू झालाय."

माझ्या लक्षात आलं! चाचणी वेगळ्या खिडकीत उघडत असणार, आणि खिडक्यांना आम्हीच बंदी घातलेली. मालकीणबाई म्हणाल्या, "उभ्या काय राहिलात? पळा!" सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच.

दार ह्यांनी उघडलं. आज घरी! डोकं दुखतं म्हणून सुट्टी घेतलेली. "दुकान सोडून भरदुपारी कुठे?"

मी ह्यांच्या बाजूनं आत गेले. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला बारीकशी खूण होती, खिडकी अडवल्याची. तिच्यावर क्लिक केलं, या एका साइटला नेहमी उघडू दे म्हटलं. खिडकी उघडली. वन्संच्या हेडफोनमधून मला अगदी बारीक ऐकू आलं, डॉक्टर खोकले आणि बोलायला लागले. वन्संची बोटं सुटलीच! मी मागे उभी राहिले. हे दारात उभे राहिले. वन्सं टाइप करत राहिल्या.

नंतर स्वयंपाकघरात जे व्हायचं ते झालं.

२१ मार्च, शुक्रवार

नऊ तारखेला इथं खोटं लिहिलं. दार नव्हतं. ह्यांनी मनगट पिरगाळलं आणि विचारत राहिले, तूच शोधतेयस ना खोली, तूच ना.

वही माझी, कुणी वाचणार नाही. तरी खोटं लिहिलं.

२५ मार्च, मंगळवार

वन्संना काम मिळालं! एक तारखेपासून. पोपटानं पत्र वाचलं, त्यांनी तेच दोनदा वाचायला लावलं.

२६ मार्च, बुधवार

जेवताना वन्संनी ह्यांना सांगून टाकलं. "मला खोली मिळालीय. रविवारी जातेय."

हे हसले. "जा. चार दिवसांत परत येशील. चहा कोण देणार तिथे?"

"मला गॅस लावता येतो," वन्सं म्हणाल्या. "तू कधी लावलायस?"

ह्यांनी ताट सरकवलं, उठले. मी ताटं आवरली. मशीन आता आत येईल. किती दिवस वाट बघितली याची! आणि आता घरात मी आणि हे. भांडी घासता घासता तेवढंच डोक्यात. घर रिकामं झालं की आवाज मोठा होतो.

वन्सं पलीकडच्या खोलीत असायच्या, म्हणून ह्यांचा हात पुष्कळदा खालीच राहायचा. हे मला आत्ता कळतंय.

२८ मार्च, शुक्रवार

वन्संना विचारलं, सामानात काय काय बांधून देऊ? म्हणाल्या, "माझं सगळं बांधून झालंय. तू तुझं बघ."

मला कळेना.

"पलंग दोन आहेत तिथे. मी पहिल्यापासून दोघींचीच खोली शोधत होते."

टॅक्सी रविवारी सकाळी लवकर येणार. हे रविवारी उशिरा उठतात.