पुन्हा बोलवा

प्रिय भाऊराया,

आई बरी आहे. काल स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेली आणि पडदे मळलेत म्हणून वॉर्डातल्या मावशींना ऐकवून आली. तेव्हा काळजी सोड आणि हे पत्र सावकाश वाच. फोनवर तुला नुसतं कळलं, की दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं. मधलं सगळं राहूनच गेलं.

मी इतकी वर्षं नर्सचं काम करते, पण दुसऱ्याच्या हॉस्पिटलात पेशंटची मुलगी म्हणून स्टुलावर बसायची वेळ पहिल्यांदाच आली. हात शिवशिवत होते, पण गप्प बसले. आईच्या वॉर्डातली सिस्टर माझ्याहून बरीच लहान, बोलणं तुटक, पण नजर चौफेर. सर्जन उंच, जरा वाकून चालणारे. राउंडला आले की फाइल उघडण्याआधी तिच्याकडे वळायचे आणि विचारायचे, "सिस्टर, तुम्हाला कशा वाटतात आज?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचे. एकदा ते आईला भराभर काहीतरी समजावत होते, तर ही सरळ म्हणाली, "डॉक्टर, त्यांना कळलं नाहीये." ते हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पोटाच्या पहिल्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी आई एकदम गप्प झाली. आपली आई आणि गप्प! भिंतीकडे तोंड करून पडलेली, नाडी जरा जलद, बाकी सगळं ठीक. सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. बाहेर पेशंटची रांग सोडून ते जिने चढून आले. पोट तपासलं, नळी पाहिली, काही सापडेना. शेवटी आईने पांघरुणाआडून खूण केली. तिची कवळी कुणीतरी खणात ठेवली होती आणि बिनदातांचं तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती! मला हसू आवरेना, पण सिस्टरचा चेहरा पडला. आता हिची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. डॉक्टरांनी स्वतः खणातून कवळी काढून दिली आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "बरं केलंत बोलावलंत. पुन्हा शंका आली तर पुन्हा बोलवा."

त्याच्या पुढच्या दिवशी आई पुन्हा गप्प झाली. या वेळी दात जागेवर होते. बीपी थोडंसंच उतरलेलं, पण कपाळाला गार घाम. खरं सांगू? मी ड्यूटीवर असते, तर आदल्या दिवशीची फजिती आठवून दहा मिनिटं वाट पाहिली असती. ही पोरगी एक क्षण थांबली नाही. "डॉक्टर, मला त्या बरोबर वाटत नाहीत, लगेच या," एवढंच म्हणाली. ते आले, आईचा हात हातात घेतला आणि थेट ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. पोटात आतून रक्त वाहत होतं.

ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आल्यावर मी हात जोडले, तर म्हणाले, "आधी सिस्टरना भेटा. त्यांनी उशीर केला नाही." तिला शोधत गेले, तर ती कोपऱ्यात घाईघाईने डबा खात होती. मला मिठी मारायची होती. तिने आधी हात धुऊन यायला सांगितलं.

आता मुद्द्याचं, डॉक्टरसाहेब. परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की तुझ्या वॉर्डातल्या नवीन सिस्टरने उगाच बोलावलं म्हणून तू तिला चारचौघांत झापलंस. आई शेजारी झोपली होती, म्हणून मी काही बोलले नाही, पण तेव्हापासून ती मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या वेळी कुणाच्या कपाळावर गार घाम दिसला, की तिला आधी तुझा आवाज आठवेल, आणि तिचा हात फोनपाशी जाऊन थांबेल. तू मनाने वाईट नाहीस रे, थकलेला असतोस, हे मला माहीत आहे. तिला कुठून माहीत असणार? उद्या कामावर गेलास की आधी तिच्याशी बोल. एकटीला गाठून नको. झापलंस चारचौघांत, तर हेही चारचौघांतच होऊ दे.

तुला रागावायचा हक्क अजून न सोडलेली,
तुझीच ताई