फोन वाजू द्यायचा

३ मार्च, सोमवार
मालक परिषदेहून परतले ते तापूनच. म्हणाले, जगातल्या प्रत्येक कंपनीकडे तंत्रज्ञान धोरण आहे, आपल्याकडेच नाही. मग खोलीभर नजर फिरवली. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते. प्रोजेक्टर मी चालू करून दिला होता, म्हणून नजर माझ्यावर थांबली. आता मी धोरणप्रमुख. लिफ्ट दुरुस्त करणारी आमची कंपनी आजवर पाने-पकडींवर चालली. यापुढे व्हिजनवर चालेल.
संकल्प: रोज पहाटे उठून तंत्रज्ञानावर वाचन.

४ मार्च, मंगळवार
पहाटे उठलो नाही. पण झोपेतही धोरण डोक्यात घोळत होतं, म्हणजे काम चालूच होतं. बायकोने विचारलं, धोरण म्हणजे नक्की करणार काय. म्हटलं, सांगून तुला कळायचं नाही. ती म्हणाली, आधी तुला तरी कळू दे. सकाळी सकाळी तिच्या तोंडी लागू नये.

१० मार्च, सोमवार
सल्लागार आला. वय कमी, लॅपटॉप पातळ, वाक्यं लांब. पण धोरण झकास: सगळ्या तक्रारी एकाच दारातून, म्हणजे नव्या अ‍ॅपमधून. तक्रारींचा फोन उचलायचाच नाही. नुसता वाजू द्यायचा. लोक कंटाळतात आणि आपोआप अ‍ॅपवर येतात. याला सवय लावणं म्हणतात.
दुरुस्तीची माणसं सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी लगेच खुसपट काढलं. जुन्या लिफ्टमधलं धोक्याचं बटण दाबलं की रिंग आपल्या याच फोनवर येते, त्याचं काय. सल्लागार म्हणाला, ते टप्पा तीनमध्ये घेऊ. मी टप्पा तीनमध्ये लिहून टाकलं. टप्पा तीन पुढच्या वर्षी आहे.
फोनवर बसणाऱ्या बाईंना बिलांच्या टेबलावर हलवलं. रडल्या. बदल सगळ्यांना पचत नाही.

१३ मार्च, गुरुवार
फोन फार वाजतो. टेबल नेमकं माझ्या केबिनच्या दाराशी. मेस्त्री दोनदा उचलायला धावले. दोन्ही वेळा धोरणाची प्रत हातात ठेवली. दुसऱ्या वेळी तिच्यावर सही घेतली.
पहाटेचं वाचन सोमवारपासून. अधल्यामधल्या वारी सुरू केलेलं टिकत नाही.

१६ मार्च, रविवार
दोघं आईकडे गेलो. आठव्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट जुनी, पण देखभाल आमच्याच कंपनीकडे, त्यामुळे मी निर्धास्त. तिच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं. पासवर्ड चुकत राहिला. मग अ‍ॅप म्हणालं, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. आई म्हणाली, या वयात मी कुणाला काही सिद्ध करून दाखवणार नाही, आणि मोबाइल परत दिला.
निघताना म्हणाली, हल्ली लिफ्ट मध्येच दचकते रे, जरा बघशील का. म्हटलं, आई, तोंडी तक्रार धोरणात बसत नाही, अ‍ॅपवर टाक. ती हसली. बायको हसली नाही. घराशी आल्यावर एकदम विचारलं, आत अडकलेल्या माणसाने करायचं काय. म्हटलं, शांत राहायचं. अ‍ॅपमध्ये तशी सूचना आहे.

२० मार्च, गुरुवार
तक्रारी धडाधड उतरल्या. आलेख बघून मालकांचे डोळे पाणावले. मेस्त्रींची माणसं रिकामी बसून आहेत. त्यांनी खूश व्हायला हवं, तर मेस्त्री म्हणतात, एवढी शांतता बरी नाही. आयुष्यभर खडखडाट ऐकलेला माणूस, दुसरं काय बोलणार.

२४ मार्च, सोमवार
फोन आता कमी वाजतो. पण वाजला की वाजतच राहतो. आधी लोक थोडा वेळ बघून नाद सोडायचे. आज दुपारी कुणीतरी सोडेचना. कट व्हायचा, लगेच पुन्हा. सगळं ऑफिस माना खाली घालून काम करत होतं. माझा हात रिसीव्हरपर्यंत गेला. आवरला. धोरणप्रमुखानेच उचलला तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं.
फोनवर खुर्चीची उशी ठेवली. आवाज बराच दबतो, पण टेबल थरथरतं.
जेवण गेलं नाही. ऋतू बदलतोय.

२७ मार्च, गुरुवार
आठवडाभर एकही तक्रार नाही. शून्य. सल्लागार म्हणाला, असा आकडा त्याने फक्त बंद पडलेल्या कंपन्यांत पाहिलाय. कौतुकाची पद्धत असते एकेकाची. उद्या गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

२८ मार्च, शुक्रवार, दुपार
सादरीकरण फक्कड झालं. मी उभा राहिलो आणि बाहेर फोन सुरू झाला. उशीखालूनही कळत होतं. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एका गुंतवणूकदाराने विचारलं, कसला आवाज. म्हटलं, जुनी यंत्रणा निरोप घेतेय. सगळे हसले. मी दार लावून घेतलं. शून्य दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी आवाज आपोआप थांबला. फार बरं वाटलं.

२८ मार्च, संध्याकाळ
बायकोचा फोन. आई दुपारभर लिफ्टमध्ये अडकली होती. मोबाइल घरातच राहिलेला. शेजाऱ्यांनी दार तोडून काढली तेव्हा शुद्धीवर नव्हती. हॉस्पिटलकडे निघालोय. निळा शर्ट बदलायलाही सुचत नाही.

२९ मार्च, शनिवार
डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर आली हे चांगलं, पण हृदयाचं आत्ताच सांगता येत नाही. बायको पलंगाच्या पलीकडे बसली आहे. मेस्त्री येऊन गेले. आज मला भीती वाटतेय.
दुपारी आईने डोळे उघडले. हळूहळू बोलली. म्हणाली, बटण दाबून ठेवत होते. पलीकडे रिंग ऐकू येत होती, पण कुणी उचलेना. मनात आलं, तू तिथेच आहेस, आता उचलशील.
जरा दम खाल्ला. मग माझा हात धरून विचारलं, काल ऑफिसला सुट्टी होती का रे.
मी हो म्हणालो.