अडकलेला ड्रॉवर

मंगळवार, संध्याकाळ

नव्या किचनचा ड्रॉवर आठ दिवस नीट बंदच होत नव्हता. आज पारनेरहून मिस्त्री आला. ड्रॉवर बाहेर काढून हसला, "काकू, बिघडलं काय न्हाई. मागं पळी अडकली हुती." इतकी लाज वाटली! या ड्रॉवरपायी किती फोन केले त्याला.

चहा घेताना त्याने विचारलं, "एकट्याच ऱ्हाता का?"

"मुलगा येतोय ना दिवाळीला, किचन बघायला." खोटं का बोलले मी? पुण्यात बसून फोनवरूनच त्याने हे करून घेतलं, अजून पाहिलेलंही नाही.

मिस्त्री गेल्यावर मुलाला फोन लावला. ड्रॉवरचं सांगणार होते, पण तोंडून निघालं, "दिवाळीला येतोस का रे?"

तो म्हणाला, "तू कधी बोलावलंसच नाहीस, आई."

स्वतःच्या घरी यायला बोलावणं लागतं, हे मला कुठे माहीत होतं?