वरची उजवी पहिली दाढ

शनिवार, १४ मार्च

प्रिय ठमे,

आज दंतवैद्यकाच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. नऊला सुरू, बाराला संपली. दुपारी तपासणी, मग विभागप्रमुखांच्या खोलीत तासभर डोकेफोड. आत्ताच घरी आलो.

पुढच्या वर्षापासून मेणाची दाढ कोरायला समोर उभं राहून शिकवायचं की तुझ्या आईचं रेकॉर्डिंग लावायचं, हे ठरवण्यासाठी वर्गाचे दोन भाग केले होते, हे तुला सांगितलंच होतं. तीस जण माझ्याकडे, तीस रेकॉर्डिंगकडे. सहा आठवडे त्या मुलांकडून ऐकून घेतोय, "सर, मॅडमना थांबवता येतं, मागे नेता येतं." आईला जिवंतपणी कोणी थांबवू शकलं नाही, हे त्यांना काय सांगणार.

परीक्षेला वरची उजवी पहिली दाढ होती. माझ्या मुलांच्या दाढा बटाट्यासारख्या, पण उजव्या. आईच्या मुलांच्या सुबक, खाच न् खाच जागेवर, आणि तीसच्या तीस डाव्या. एकालाही शंका येऊ नये? पुस्तक उघडायला काय झालं होतं? एकीला विचारलं, तर म्हणते, "मॅडम डावखुऱ्या होत्या ना सर, आम्ही बघून तसंच केलं." तुझी आई आणि डावखुरी. डाव्या हाताने तिला साधं कुलूप उघडत नसे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विभागप्रमुख मात्र खूश. म्हणाले, "जिंकलात की तुम्ही. ते रेकॉर्डिंग काढूनच टाकू." असा संताप आला. पण चिडणार कोणावर? ते मीच केलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने. माझ्या फोनवर ते आरशासारखं उलटं उमटतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिला तेव्हा फार वेळ बसवत नव्हतं. संपल्यावर म्हणाली, "नीट आलंय का, बघा जरा." मी न बघताच हो म्हणालो. ती गेल्यावर बघवलं नाही. पाच मिनिटं पाहिलं असतं तरी कळलं असतं. हे सगळं प्रमुखांना सांगितलं. संगणकवाल्याने दोन मिनिटांत ते सुलटं केलं. दोन मिनिटांत. त्या तिसांची परीक्षा पुढच्या शनिवारी पुन्हा आहे. रेकॉर्डिंग ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरेल.

पत्राचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, यात आई आईसारखी वाटत नाही, आणि मी खेकसलो, आजारी माणूस आणखी कसं दिसणार म्हणून. तुझं बरोबर होतं. आज संगणकवाल्याच्या पडद्यावर क्षणभर पाहिलं. तीळ परत डाव्या गालावर आला होता. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ते आहे. जुनं पुसून टाक.

मी अजून पूर्ण पाहिलेलं नाही. मेणाची वडी काढून ठेवली आहे. आता टेबल पुसतो, आणि पहिल्यापासून लावून तिच्याबरोबर एक दाढ कोरतो.

तुझाच,
बाबा