झोपेतली गोष्ट उतरल्यावर काढायची नाही

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (इतक्या लांबून वाकलेलं तुला दिसत नाही, पण पत्राच्या तोंडाशी नमस्कार नसला की तू पुढचं वाचत नाहीस, म्हणून.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला उतरला का? मी ठणठणीत आहे. लॅम्पशेडचा धंदाही बरा चाललाय. लोकांना अजून उजेड झाकून हवा असतो, ही देवाची कृपा.

तुझं पत्र मिळालं. पन्नाशीला टेकलेल्या बाईने दर आठवड्याला लॅम्पशेड पोचवायला परक्या माणसांच्या मांडीला मांडी लावून शहर गाठावं हे तुला पसंत नाही. मी दुकानाला कुलूप घालून तुमच्या मागच्या खोलीत कायमचं राहायला यावं म्हणतोस, वहिनीने तिथे पडदेसुद्धा शिवून लावलेत. दादा, तुमची माया कळते मला. पण हो-नाही म्हणायच्या आधी ती गाडी काय चीज आहे ते एकदा ऐकून घे.

ही गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि आमचा ड्रायव्हर माणसं बघून नव्हे, सामान बघून बसवतो. माझ्या लॅम्पशेड फुगीर, म्हणून मी मागे मधोमध. डावीकडे निवृत्त नर्सबाई (सामान काही नाही, नुसता दरारा). उजवीकडे कवळीवाले. हे गृहस्थ घरी कवळ्या बनवतात आणि शहरातल्या दातांच्या डॉक्टरांना पोचवतात. मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात कापसात निजलेलं अनोळखी लोकांचं हसू. कित्येक महिने मी त्यांना त्या डब्यावरूनच ओळखत होते, कारण शेजारी बसलेल्या माणसाचा फक्त एक कान दिसतो.

पहाटेच्या धुक्यात गाडी निघते. दोन्ही बाजूंची झाडं कुणीतरी पुसत नेल्यासारखी मागे जातात, काचा आमच्या श्वासाने धूसर होतात, आणि एकेक जण पेंगायला लागतो. मग कुणाचं बोलणं आणि कुणाचं स्वप्न, काही धरबंध राहत नाही. पुढच्या सीटवर कुणाच्या तरी भाचीचं लग्न मोडत असतं, ते माझ्या झोपेत जुळतं. नर्सबाई डोळे मिटून कुणाला तरी पाठ वळवायला सांगतात, आणि आम्ही सगळे मुकाट्याने कूस बदलतो. डोकं कुठेतरी टेकतंच, आणि मधल्या माणसाचा दोन्ही खांद्यांवर हक्क असतो. मात्र गाडीचा एक कायदा आहे: झोपेतली गोष्ट उतरल्यावर काढायची नाही. कोण घोरलं, कोण कुणावर कललं, कोण रडलं, सगळं गाडीतच राहतं. उतरताना फक्त "येते" म्हणायचं.

एकदा रस्त्यात कुत्रं आडवं आलं. करकचून ब्रेक लागला, पत्र्याचा डबा उघडला आणि कवळ्या चौफेर उधळल्या. एक नर्सबाईंच्या पदरात पडली, त्यांनी ती तपासून परत केली. बाकीच्या आम्ही सगळ्यांनी सीटखाली रांगून वेचल्या. एक मात्र माझ्या सर्वात महागड्या शेडमध्ये जाऊन बसली. शहरात दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर मोठ्या ऐटीत दिवा लावला, तर आतून कुणीतरी दात विचकून हसतंय! गिऱ्हाईक पळालं. तेवढ्यात एक कवळी कमी भरली म्हणून कवळीवाले धापा टाकत हजर. आम्ही एकमेकांना उभ्याने बघायची ती पहिलीच वेळ. ते माझ्यापेक्षा चांगलेच ठेंगणे निघाले. (बसल्यावर हे कळत नाही. बसण्याचा हा मोठाच फायदा आहे.)

आणि त्या ओळखीने शेफारून या माणसाने पुढच्याच खेपेला कायदा मोडला. मी जागी झाले, तर उतरायचीही वाट न बघता भर गाडीत म्हणतात, "तुम्ही झोपेत हसता. पुढचे दात सुरेख आहेत. स्वतःचेच ना?" नर्सबाईंनी "अगंबाई" म्हणून कानांवर हात ठेवले. ड्रायव्हरने गाडीच थांबवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दुसरी गाडी धरली.

दुसरी गाडी नवीकोरी होती, सीट ऐसपैस. कुणी कुणाला शिवत नव्हतं. दादा, मला तिथे डोळ्याला डोळा लागला नाही. आई गेल्यापासून मी घरीही अशीच छताकडे बघत पडते, हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. मला झोप लागते ती फक्त त्या जुन्या गाडीत. तुमच्या मागच्या खोलीत पडदे असतील, शांतताही असेल, आणि मी तिथे टक्क जागी असेन, याचीच मला भीती वाटते.

शेवटी मान खाली घालून मी जुन्या गाडीकडे परतले. मधल्या जागेवर पत्र्याचा डबा ठेवलेला. इतके दिवस तिथे कुणाला बसू दिलं नाही म्हणे. मला बघून कवळीवाल्यांनी डबा उचलला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. मी शहर येईपर्यंत गाढ झोपले.

तेव्हा खोलीचं काय ते शांतपणे ठरवून कळवीन. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. दारात जे ठेंगणे गृहस्थ उभे आहेत, तेच ते. तू पत्र सावकाश वाचतोस, तेव्हा आधी त्यांना बसायला सांग.

ता. क. ते तुझ्या तोंडाकडे टक लावून बघतील. राग मानू नकोस, धंद्याची सवय आहे. त्यांना काहीतरी विचारायचंय, पण त्यांची जीभ फक्त गाडीतच चालते, म्हणून मीच विचारते: चालतील ना?

ता. क. वडील असते तर त्यांना विचारलं असतं, आता तूच आहेस. तसं माझं ठरलंय, ही परवानगी नाही, नुसतं कळवणं आहे. पण तू नाही म्हणालास तर मला फार रडू येईल.